एकाच वस्तादाचे दोन पैलवान

या अंकाच्या संपादकांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "तात्या, तुमच्या जत्रेतल्या कुस्त्या आधीच ठरवलेल्या असतात का हो?" मी म्हणालो, "व्हय, ठरवूनच असतात की. मग काय वाऱ्यावर लावायच्या?" ते लगेच माफी मागायला लागले. बहुतेक त्यांना वाटलं, म्हातारा रागावला. रागावलो नव्हतो, पण थोडं टोचलं होतं खरं. टीव्हीवर ते परदेशी पैलवान एकमेकांच्या टाळक्यात खुर्च्या घालतात, आणि त्यांचं कोण जिंकणार हे आतल्या खोलीत आधी ठरलेलं असतं म्हणं. ते बघून बघून आता लोकांना वाटतं, जिथं तिथं तसंच असणार.

तर एकदाच सांगून टाकतो. जत्रेच्या फडात सगळं आधी ठरतं. कोण कुणाशी लढणार, कितव्या नंबरला लढणार, पंच कोण, इनाम काय, हलगी कुणाची, पाहुण्यांच्या खुर्च्या कुठं, सगळं. कोण जिंकणार तेवढं ठरत नाही. निदान माझ्या फडात तरी कधी ठरलं नाही. मी मुरुमचा. पोटाला माझं सरकी पेंडीचं दुकान होतं, ते आता थोरला बघतो. पण उमरग्यापासून परंड्यापर्यंत लोक मला ओळखतात ते पेंडीमुळं नाही. जत्रा जवळ आली की गावोगावची कमिटी मला बोलावून न्यायची, कुस्त्यांच्या जोडी लावायला. आमची मंडळी म्हणायची, "लोकांच्या पोरांच्या जोडी लावत हिंडतंय हे माणूस, आन घरात लग्नाच्या पोरी बसल्यात!" लागली हो त्यांचीबी लग्नं, चांगली लागली.

जोड लावणं म्हणजे काय, ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. सकाळी गावात दीड-दोनशे पैलवान गोळा होतात. बारकी पोरं रेवड्यांवर आणि नारळावर लढतात, त्यांची चिंता नसते. मधल्या पैलवानांच्या जोडी तिथंच, मातीच्या कडेला उभं राहून लावायच्या. लोकांना वाटतं मी वजन बघतो. वजन कुणीबी बघंल. मी गड्याला सांगायचो, "बस बघू खाली." सरळ खाली बसला तर ठीक. गुडघ्यावर हात टेकवून बसला की समजायचं, गुडघा दुखतोय आणि हा सांगत नाही. मग त्याला त्याच्या वजनाच्या ताज्या गड्यापुढं टाकायचा नाही. त्यानंतर तीन गोष्टी विचारायच्या: मागची कुस्ती कुणाशी झाली, तालीम कोणती आणि वस्ताद कोण. ही वस्तादाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एका वस्तादाचे दोन चेले तालमीत दिवसभर एकमेकांना आपटतील, पण लोकांपुढं, फडात, एकमेकांच्या पाठीला माती लावत नाहीत. आमच्याकडं हे सख्ख्या भावांच्या भांडणावानी समजतात. घरात काय करायचं ते करा, चावडीवर नको.

गिऱ्हाइकं पण एकेक नग असायची. एका गावात इनाम देणारे एक शेठ होते. त्यांची अट अशी, की त्यांच्या इनामाची कुस्ती ते आल्यावरच निकाली व्हावी, फोटो निघायला पाहिजे. शेठची गाडी वेशीत आली आणि इकडं गड्यानं सलामीलाच एकचाक डावावर दुसऱ्याला आस्मान दाखवलं. शेठ धावत आले, घामाघूम. म्हणाले, "परत लावा की वो तात्या, माझं काय दिसलंच न्हाय!" मी म्हणालो, "शेठ, मेलेला माणूस परत मारता येत न्हाय." शेवटी पडलेल्याचा आणि पाडणाऱ्याचा हात दोन्हीकडं धरून शेठनी फोटो काढला. पेपरात तो छापून आला तेव्हा पडलेला गडीच जास्त हसत होता.

हे हसण्यावारी जातं. न जाणारी गोष्ट एकच, नुरा. नुरा म्हणजे दोघांनी आधी ठरवून खेळायची कुस्ती. जरा इकडं ओढ, जरा तिकडं ढकल, आणि शेवटी बरोबरीत सोडव. पब्लिकला कळत नाही असं कमिटीला वाटतं. पब्लिकला कळतं. खरा लढणारा समोरच्याच्या पायावरची नजर काढत नाही. नुरा खेळणारा मधून मधून मावळतीकडं बघतो, अजून किती दिवस राहिलाय म्हणून. मला तर दोन पकडीत कळायचं, आणि एकदा का कळलं की मी माईकवरून नाव घेऊन सांगायचो. त्यामुळं काही गावांनी मला परत बोलावलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एका गोष्टीचं. हल्ली एक नंबरची, म्हणजे शेवटची मोठी कुस्ती जोड लावणारा लावत नाही, फ्लेक्स लावतो. फोटो कुणाचा उठून दिसतो ते बघायचं, फोनवर बोलायचं, फ्लेक्स छापायचा, आणि मग मला बोलवायचं, या तात्या, बाकीच्या जोडी तुम्ही लावा. ते तीन प्रश्न आता कुणी विचारत नाही.

आता मुख्य गोष्ट. गावाचं नाव घेत नाही. सोनारीच्या रस्त्याला लागलं की अलीकडं येतं एवढं समजा. तिथला बालाजी नावाचा पैलवान. सोलापूर, नगर, पार कर्नाटकात बसवकल्याणपर्यंत कुस्त्या मारून आलेला. पण स्वतःच्या गावात मोठी कुस्ती कधी केली नव्हती, कारण गावचा फडच बारका. नारळ-रेवडीच्या पुढं कधी गेला नव्हता. त्यामुळं झालं असं, की बालाजी बाहेर जिंकून आला की पारावरची टाळकी म्हणायची, "बाहेरच्या कुस्त्या नुरा असतात. हिथं आमच्याम्होरं लढून दाव म्हणावं." वर्षानुवर्षं हे ऐकून ऐकून त्याच्या बायकोनं पाणवठ्यावर जाणं सोडलं होतं. पुढं बालाजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, बास आता. नेमकं त्याच साली गावच्या जत्रा कमिटीला नवा अध्यक्ष मिळाला, तरणा, हौशी, जेसीबीचा धंदा करणारा. त्यानं जत्रेला मोठा फड भरवायचं ठरवलं आणि एक नंबरला गावचा बालाजी.

जत्रेच्या आधी बालाजी माझ्याकडं मुरुमला आला. पेंडीच्या पोत्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "तात्या, ही माझी शेवटची. तुमाला एकच मागतो. कुस्ती खरी लावा. पडलो तरी चालंल. पन गावाम्होरं खोटा उभा ऱ्हायचा न्हाय म्या."

"कुणी खोटं करायला सांगितलंय का?" मी विचारलं.

"अजून न्हाय. पन माझा गुडघा सगळ्यास्नी म्हाईत हाय. दया करतील लोक. दया नको मला."

मी शब्द दिला. समोरचा पैलवान अध्यक्षांनी परस्पर ठरवला होता, वैराग भागातला नागेश म्हणून. मी त्याची एक कुस्ती पाहिली होती. तरणाबांड, चपळ, पण कच्चा. बालाजीचा अनुभव आणि त्याची ताकद, जोड मला पटली. तालीम विचारली तर अध्यक्ष म्हणाले, "फ्लेक्सवर हाय की तात्या, बार्शीची." मी म्हणालो, बरं.

जत्रेच्या दिवशी फड असा भरला की झाडांवर माणसं. बालाजीनं आपल्या वस्तादांना गाडी पाठवून आणलं होतं. रहेमान वस्ताद. ऐंशीच्या घरातला माणूस, डोळ्याला कमी दिसायचं, कान मात्र तिखट. आमच्या भागात त्यांचा दरारा मोठा. बालाजी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या तालमीत वाढला. बाप लवकर गेला होता, त्यामुळं त्याला खाऊ-पिऊ घालून मोठा केला तो वस्तादांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. लग्न झाल्यावर तो गावी राहायला आला, पण नागपंचमीला तालमीच्या पूजेला गेला नाही असं एक साल नाही. वस्तादांना आम्ही मातीच्या कडेला, सावलीला खुर्ची दिली.

मधल्या कुस्त्या झकास झाल्या. उन्हं कलली. शेवटच्या कुस्तीचा माईक माझ्या हातात असायचा, तसा तो मी घेतला आणि दोघांची नावं पुकारली. हलगी कडाडली. एका बाजूनं बालाजी उतरला, दुसऱ्या बाजूनं नागेश. दोघांनी माती कपाळाला लावली. पैलवान मातीच्या पाया पडला की आपल्या वस्तादाच्या पाया पडायला जातो. बालाजी रहेमान वस्तादांकडं निघाला. आणि नागेशही तिकडंच निघाला.

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा मान राखतोय पोरगा. दोघं एकदमच वाकले. वस्तादांनी सवयीनं दोन्ही डोक्यांवर हात ठेवले, बालाजीला म्हणाले, "या अल्ला, संभाळ माझ्या लेकराला." मग दुसऱ्या डोक्यावरून हात फिरवला, कानावर आणला, पैलवानाचा तो मोडका कान चाचपला आणि थांबले.

"वैरागवाला? तू रे? तू हिथं कामून?"

नागेश म्हणाला, "वस्ताद, माझीच कुस्ती हाय. मी म्हणलं नव्हतं का, एका गावात कुस्ती हाय म्हणून."

हलगीवाले आपोआप थांबले. त्यांनाही कळलं होतं. झालं होतं असं, की बार्शीच्या तालमीत नागेशचं वाजलं आणि तो थोड्या दिवसांपूर्वीच रहेमान वस्तादांकडं आला होता. नारळ ठेवून रीतसर चेला झाला होता. फ्लेक्सवर फोटो आणि तालीम जुनीच. वस्ताद नव्या पोराला गावाच्या नावानं हाक मारायचे, त्यामुळं नागेश हे नाव त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. आणि तालमीत पोरं ज्याच्या गोष्टी सांगायची तो त्यांचा बाळ्या होता. तोच हा बालाजी, हे नागेशला कोण सांगणार?

मी माईकवरून "दोन मिनिटं पाणी घेताहेत पैलवान" असं सांगितलं आणि सगळ्यांना कनातीमागं घेतलं. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तात्या, कुस्ती झाली न्हाय तर लोक कनात उपटून नेतील! दुसरा गडी बघा की कुणीतरी."

"सगळे लढून बसलेत," मी म्हणालो. "दमलेला गडी एक नंबरला घालायचा न्हाय. त्याची मान गेली तर तुमी संभाळणार का?"

मग अध्यक्ष म्हणाले ते ऐकण्यासारखं होतं. "मंग सोप्पं हाय. दोघांनी दहा मिनिटं खेळायचं. कुणी कुणाला पाडायचं न्हाय. तुमी बरोबरीत सोडवा. वस्तादाचा नियमबी ऱ्हायला, लोकबी खूष, दोघास्नीबी इनाम. कुणाचं काय वाईट झालं, सांगा?"

खरं सांगतो, धंद्याच्या हिशेबानं माणूस बरोबर बोलत होता. कुणाचं काही वाईट होत नव्हतं. त्या घडीला दुसऱ्या कुठल्या कारभाऱ्यानं ते मान्य केलं असतं तर मी त्याला नावं ठेवली नसती. पण बालाजी कडेला दगडावर बसला होता, लंगोटावर, अंगाला माती, आणि तो माझ्याकडं बघतही नव्हता. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. 

"वस्ताद," मी म्हणालो, "फड माझा, पन रीत तुमची हाय. कुस्ती लावायची का रद्द करायची, तुमी सांगा. नुरा मातर मी लावणार न्हाय. ह्याला शब्द दिलाय मी."

अध्यक्ष भडकले. "तुमचा शब्द मोठा का गावची इज्जत मोठी?"

"गावच्या इज्जतीचं तुमी फोनवर ठरवायच्या आधी बघायचं हुतं," मी म्हणालो. "एक साधी गोष्ट विचारायची हुती, वस्ताद कोण."

रहेमान वस्तादांनी हात वर केला, तसे आम्ही दोघं गप्प झालो. त्यांनी बालाजीला विचारलं, "बेटा, रद्द करू? घरी जाऊ आपन. मी लोकांची माफी मागतो."

बालाजी म्हणाला, "वस्ताद, तुमी म्हणाल तसं. पन रद्द झाली तर लोक म्हणतील, ह्यो पळाला. आन खोटी खेळलो तर म्हणतील, बघा, आमी म्हणतच हुतो. मग मी आजवर जे काय लढलो ना, ते समदं खोटं झालं. माझ्या घरात तसंच समजतील. माझी पोरगी आलीय बघायला."

वस्तादांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "दोघांपैकी एक माझा चेला नसंल, तर कुस्ती होती."

नागेशचा चेहरा पांढराफटक पडला. बार्शीचं दार बंद झालेलं, आता हेही गेलं तर त्या पोरानं जायचं कुठं? तरी तोच म्हणाला, "वस्ताद, मी नवा हाय. मला काढा."

"गप बस," वस्ताद म्हणाले. "तुझी आत्ता सुरुवात हाय. बिगर वस्तादाच्या पोराला कोण जवळ करंल?" मग त्यांनी बालाजीकडं तोंड वळवलं. "बाळ्या, तुला उद्यापास्नं तालीम नको. तुला लढायचं न्हाय. सोडायचं तर तुलाच सोडावं लागतं. समजलं का?"

"समजलं," बालाजी म्हणाला. आणि मग एवढा दांडगा गडी, मुसमुसून रडायला लागला. "पन मी काय लढण्यासाठीच येत हुतो का वस्ताद तुमच्याकडं?"

 वस्ताद माझ्याकडं वळले. "कारभारी, हे कनातीमागं केलं तर चोरी होती. लोकांम्होरं सांगा. माझा आवाज निघायचा न्हाय."

मी बाहेर येऊन माईक परत हातात घेतला. मी फडाला जे घडलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नागेश कुणाचा चेला, बालाजी कुणाचा चेला, आमची रीत काय. आणि मग म्हणालो, "बालाजीला खरी कुस्ती करता यावी म्हणून रहेमान वस्ताद त्याला तुमच्या साक्षीनं मोकळं करतायत. ह्या घडीपासून बालाजी रहेमान वस्तादांचा चेला न्हाय." झाडावरची माणसंसुद्धा हलली नाहीत. पारावरच्या त्या टाळक्यांपैकी एकानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बालाजी वस्तादांच्या पाया पडायला गेला नाही. लांबूनच हात जोडले आणि मातीत उतरला.

आणि काय लढला हो! गुडघा दुखतोय हे नागेशला माहीत होतं, तरी त्यानं त्या पायाला हात घातला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं. बाकी कुठलीही सूट त्यानं दिली नाही, आणि बालाजीनं मागितली नाही. बालाजीनं पट काढून त्याला दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा घिस्सा असा मारला की नागेशचा एक खांदा मातीला लागला, आणि सगळा गाव उभा राहिला. पण पोरगं तरणं. खालून निसटलं, पाठीवर आलं, आणि उठता उठता ढाकेवर घेऊन बालाजीला कमरेवरून फेकलं. बालाजीची पाठ अशी स्वच्छ लागली की पंचाला वाकून बघावं लागलं नाही. चितपट.

बालाजी तसाच पडून राहिला, आभाळाकडं बघत, छाती भात्यावानी. मला वाटलं गुडघा गेला. पण तो हसत होता. लोकांनी नागेशला उचललं, मग बालाजीला उचललं, आणि पारावरचे तेच लोक त्याला खांद्यावर घेऊन ओरडत होते, "आमचा बालाजी, आमचा बालाजी!" म्हणजे आता त्यांचा झाला होता.

गर्दी जरा सैल झाली तेव्हा रहेमान वस्ताद काठी टेकत मातीत आले. नागेश धावत पाया पडायला गेला. त्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली आणि त्याला बाजूला सारलं. बालाजीपाशी गेले. खांद्यावरचा रुमाल काढला आणि चाचपत चाचपत त्याच्या पाठीची माती पुसायला लागले.

बालाजी म्हणाला, "वस्ताद, आता मी तुमचा कोन?"

"चेला न्हाईस," वस्ताद म्हणाले. "इतक्या लोकांम्होरं जबान दिली, ती काय परत घेता येती का?" रुमाल झटकला, परत पुसायला लागले. "माझ्याच्यानं आता वाकून डाव दाखवनं होत न्हाय, बेटा. डोळ्यांनी दिसत न्हाय. पोरं काय शिकत्यात काय की. तू उद्या सकाळी तालमीत ये."

"चेला न्हाय म्हणताय, मग काय म्हणून येऊ?"

"वस्ताद म्हणून ये."

अध्यक्ष माझ्या दंडाला धरून हलवायला लागले. डोळे पुसत होते. "तात्या, हे सांगा की माईकवर, सगळ्यास्नी सांगा!"

मी माईक बंद केला आणि हलगीवाल्यांना म्हणालो, "वाजवा."